शिवणीची डबी

वालाच्या शेंगा वाळून आत दाणे खुळखुळायला लागले, राबाच्या जागेवर शेण आणि पाचोळा पसरून माणसं आग लावायच्या तयारीला लागली, की मी घराच्या मागच्या पडवीत बसायचं बंद करतो. तिथून समोर देवाची राई दिसते आणि राईत एक शिवण आहे. फाल्गुनात तिची पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर मातकट पिवळी फुलं येतात. वर्षभर ती शे-दीडशे झाडांत लपून असते, या महिन्यात लपत नाही. तिच्या उजव्या अंगाची एक फांदी नाही. लांबून ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. माझ्या येतं.

बायकोला मी सांगतो की मागे ऊन येतं. मागची पडवी उत्तरेला आहे, तिथे या दिवसांत ऊन येत नाही हे वैशालीला ठाऊक आहे. ती माझा चहा पुढच्या ओटीवर आणून ठेवते. लग्नाला बावीस वर्षं झाली की नवऱ्याच्या काही थापा बायका तशाच चालू देतात.

खरं तर हा आमच्याकडचा सगळ्यात देखणा महिना. काजूच्या मोहोराचा वास सकाळी अंगणात येऊन बसतो. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं लागतात. आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. समुद्र दिसत नाही, पण संध्याकाळचा वारा तिकडून येतो आणि दोरीवरचे कपडे किंचित दमट करून जातो. भात कापलेल्या खाचरांत वाल निघत असतो, बायका शेंगा बडवत असतात, आणि संध्याकाळी कुठेतरी ढोलाची कातडी शेकून ताणायला सुरुवात झालेली असते. शिमगा आला म्हणायचं. लहानपणी या दिवसांत मला पोटात गुदगुल्या व्हायच्या. आता होत नाहीत.

आठ वर्षांपूर्वी मी रोह्याची कंपनी सोडून घरी आलो. घराच्या बाजूला दोन खोल्या काढल्या आणि रस्त्याला पाटी लावली. आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी घालून दिघीला उतरणारे पाहुणे समुद्रकाठच्या खोल्या भरल्या की नाइलाजाने आमच्याकडे वळायचे. समुद्र नाही, सुपारीची वाडी नाही, मग दाखवायचं काय, हा माझा रोजचा प्रश्न. एका पहाटे पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, जंगलात आरवतं ते काय. मी म्हटलं रानकोंबडा. त्या म्हणाल्या, बघायला मिळेल? माझ्या डोक्यात दिवा पेटला.

ऐकू येणारा रानकोंबडा दिसणं म्हणजे मात्र महाकठीण काम. तो सगळं रान डोक्यावर घेतो आणि स्वतः कधी सापडत नाही. तो दाखवू शकेल असा एकच माणूस गावात होता, गोमा. ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतला. तो झुडपाआड उकिडवा बसायचा, तोंडावर तळवा धरायचा आणि घशातून कोंबडीसारखा आवाज काढायचा. पाच-दहा मिनिटांत नर पंख पाडून ऐटीत बाहेर यायचा. पाहुणे खूश. मीही शिकायचा प्रयत्न केला. माझा आवाज ऐकून आमच्या परसातल्या घरच्या कोंबड्यासुद्धा उठून लांब जाऊन बसल्या.

गोमा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला भाऊ आणि तुम्ही. गावात सगळ्यांचं तसंच होतं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कधी डोक्यात आलंच नाही.

चार वर्षांपूर्वी मोबाइलवर मला एक व्हिडिओ दिसला. कुठल्यातरी परदेशातला एक म्हातारा, डोक्याला टोपी, हातात लाकडाची एक लांबट डबी. वरून उघडी, आणि कडेवर एका स्क्रूने अडकवलेलं फळीचं झाकण. झाकणाच्या पोटाला तो खडू चोळायचा आणि ते डबीच्या कडेवरून हलकेच घासायचा. डबी हुबेहूब मादीसारखी बोलायची आणि टर्की नावाचे त्यांचे ते थोराड पक्षी रानातून धावत यायचे. टर्की मी एकदाच पाहिला होता, माणगावजवळच्या एका फार्महाउसवर. गळ्याला लाल-निळी कातडी लोंबणारा आणि भयंकर रागीट. त्याला जर एक डबी फसवते तर आमचा कोंबडा काय चीज आहे, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट वाटली. गोमाला दरवेळी बोलवायला नको, त्याची सवड बघायला नको. हे कसब माझं होईल.

मग लाकडाचा शोध सुरू झाला. ते तीन आठवडे मी फार सुखात होतो आणि तेही आठवतं, म्हणूनच पुढचं जास्त खुपतं. आधी आंब्याच्या खोक्याच्या फळ्या घेतल्या. त्यातून म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा आवाज निघाला. मग माणगावच्या वखारीतून जुन्या खिडकीचा साग आणला. साग देखणा, पण तेलकट. खडू धरेना, झाकण नुसतं निसटायचं. पांगारा हलका म्हणून करून बघितला, तर तो मुकाच. सुपारीच्या खोडाच्या नुसत्या शिरा सुटल्या. फणसाने मात्र आशा लावली. आवाज भरीव होता, पण फळी पातळ करत गेलो तशी रेषेत तडकली. अंगण भुशाने पिवळं झालं. वैशाली रोज झाडता झाडता विचारायची, कोंबडी झाली का?

गोमा येता-जाता ओटीखाली बसून हे बघायचा. त्याला मजा वाटत असावी. आपलंच काम काढून घ्यायचा हा खटाटोप आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण एके दिवशी त्यानेच मला लाकूड ऐकायला शिकवलं. तुकडा दोन बोटांत कोपऱ्यावर लोंबता धरायचा, कानाजवळ न्यायचा आणि बोटाच्या पेराने ठोकायचा. म्हणाला, नुसतं वाजून चालणार नाही, वाजून लगेच सरलंही पाहिजे, कारण कोंबडी आवाज लांबवत नाही. मी अंगणातले सगळे तुकडे ठोकून पाहिले. कुणी वाजत नव्हतं, कुणी सरत नव्हतं.

"शिवण पायजे याला," गोमा म्हणाला. "हलकी, चिरत न्हाय, फुगत न्हाय. पर आता शिवण ऱ्हायलीय कुठं, राईतली सोडली तर."

त्याने विषय संपवण्यासाठी ते म्हटलं होतं. आमच्याकडे राईतली सोडली तर याचा अर्थ नाही असाच होतो. राईतली वाळकी काडीही चुलीत जात नाही. पुढे मोठ्या वादळात तिथले चार वृक्ष आडवे झाले, गावात महिनाभर गॅस नव्हता, वीज नव्हती, तरी ते ओंडके जागेवर कुजले. त्यांना कुणी हात लावला नाही. त्या रानाची झाडलोट करायचा मान गोमाच्या घरचा. शिमग्याची पालखी राईत जायची त्याच्या आदल्या दिवशी गोमा वाट झाडायचा, देवाच्या दगडाभोवतीचा पाला काढायचा, आणि पालखी निघाली की आंब्याचा डहाळा घेऊन सगळ्यांत पुढे चालायचा. वर्षातला तो एक दिवस, जेव्हा सगळं गाव त्याच्या मागून चालायचं.

शिवणीची एक फांदी आदल्या पावसात अर्धी मोडून लोंबत होती, हे मी बघून ठेवलं होतं. होळीला चार दिवस होते. शिमग्यात होळीसाठी लाकूड चोरलं तर ती चोरी धरत नाहीत. आमची चांगली शिडी एका वर्षी पोरांनी पळवून जाळली होती आणि वडील नुसते हसले होते. हे मी मनाशी पुन्हापुन्हा घोकलं. दुपारी गाव जेवून आडवं झालं तेव्हा करवत गोणपाटात गुंडाळून निघालो. राईच्या तोंडाशी चपला काढल्या. देवाचं रान, चपला घालून कसं जायचं. आणि मग अनवाणी पायांनी आत जाऊन फांदी कापली.

कापलेला तुकडा मी तिथेच कानाशी धरला आणि पेराने ठोकला. तो वाजला, आणि लगेच सरला. मी हसलो होतो, हे मला आठवतं.

दोन दिवसांनी गोमा राई झाडायला गेला. त्याला खालचा ताजा भुसा दिसला, वर पांढरी चकती दिसली. झाडू तिथेच टाकून तो तडक गावकीच्या प्रमुखाकडे, तात्यांकडे गेला आणि राईत करवत चालल्याचं सांगितलं. त्याने सांगितलं नसतं तर ती फांदी पुढचं वर्षभर कुणी पाहिली नसती.

संध्याकाळी सहाणेवर बैठक बसली, जिथे पालखी टेकवतात त्या कट्ट्यावर. मी मागच्या रांगेत होतो. सुरुवातीला सगळे नुसते हळहळले. मग कुणीतरी म्हणालं, राईत जातं कोण? दुसरा म्हणाला, रान कुणाच्या पायाखालचं? नाव कुणी घेतलं नाही, पण हळूहळू माना वळल्या. गोमा कट्ट्याखाली उभा होता. त्याची बसायची जागा कट्ट्यावर नव्हतीच.

"माज्याकडं कोयता हाय," तो म्हणाला. "करवत न्हाय."

करवत काय, मागूनही आणता येते, असं कुणीतरी म्हटलं. आणि ते खरं होतं. दिवाळीआधी त्याने दाराची फळी कापायला माझीच करवत नेली होती. त्याने एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं की करवत भाऊंकडे आहे. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. बोलायची पाळी आलेल्या माणसाकडे बघावं तसं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

तात्या म्हणाले, फांदी ओली असो की वाळकी, राईची काडी तोडणाऱ्याला क्षमा नाही. गोमाने यापुढे राईत पाऊल टाकायचं नाही आणि पालखीपुढचा मान बंद. बैठक अर्ध्या तासात उरकली. त्या वर्षी डहाळा घेऊन तात्यांचा पुतण्या पुढे चालला.

मला वाटायचं, उद्या सांगू. मग वाटलं, होळी होऊन जाऊ दे. रंगपंचमी होऊ दे. पहिल्या दिवशी दोन शब्दांत झालं असतं ते पंधरा दिवसांनी सांगायला जीभ उचलेना, कारण आता फांदीबरोबर पंधरा दिवसांच्या गप्प बसण्याचाही जाब द्यावा लागणार होता. महिना गेल्यावर तर तो विचारच मी डोक्यात येऊ देईनासा झालो. माणूस स्वतःला किती सांभाळून घेतो, हे मी त्या चैत्रात शिकलो.

आणि मी डबी पूर्ण केली. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. फांदी टाकून दिली असती, जाळली असती, तर निदान भ्यालो होतो असं म्हणता आलं असतं. मी ती पातळ तासली, घासली, खैराचं झाकण बसवलं. एका पहाटे पाहुण्यांना घेऊन डोंगराच्या अंगाला बसलो आणि झाकण घासलं. रानकोंबडा आला. अगदी पाच हातांवर. उन्हाची तिरीप पडून त्याच्या मानेवरचे ठिपके चमकत होते, एक पंख जमिनीला लावून तो गोल फिरला, थांबला, मान वाकडी करून मादी शोधू लागला. तिथे मादी नव्हती. पाच जण मोबाइल धरून बसले होते आणि एक माणूस खोटं बोलत होता. पाहुणे मला कलाकार म्हणाले. पुढचे चार हंगाम ही डबी आमच्या घराची ओळख होती. लोक फोनवर विचारायचे, ते कोंबडीवाले तुम्हीच का?

गोमा पुन्हा आमच्या ओटीखाली बसला नाही. भांडला नाही, तोंडही फिरवलं नाही. वाटेत भेटला की बरं हाय का भाऊ म्हणायचा. दिवाळी झाली की बायको-लेकीला घेऊन पनवेलकडे वीटभट्टीवर जायला लागला. आधी तो कधी भट्टीवर गेला नव्हता. शिमग्याला मात्र यायचा. पालखी राईकडे वळली की ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभा राहून हात जोडायचा. मी पालखीबरोबर असायचो. खांदासुद्धा द्यायचो.

यंदा त्याला पलीकडे उभं राहिलेलं पाहिलं तेव्हा त्याच्या हातात काठी होती. माणूस वाकला होता. मला एकदम भीती वाटली की हा असाच त्या काठावरून जाईल. पुण्यशील वगैरे होऊन मी काही ठरवलं नाही, भीतीनेच ठरवलं. पालखी परत आल्यावर हिशेबाची बैठक बसते, तिथे डबी खिशात घालून गेलो. वैशालीला आधी सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली आणि मग म्हणाली, जा आता, उशीर नको.

सहाणेवर मी उभा राहिलो.  डबी तात्यांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. फांदी मी कापली. गोमाने नाही. तुम्ही त्याला काढलंत तेव्हा मी इथेच बसलो होतो. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून उभा राहिलो. वाळीत टाकतील, पालखीला हात लावू देणार नाहीत, काय वाटेल ते बोलतील, सगळं ऐकायचं असं ठरवून गेलो होतो.

 मग तात्या हसले. "आरं तू व्हय," ते म्हणाले. "येवढंच ना? वाळकी फांदी तर व्हती."

मग सगळेच हसले. बरं वाटून हसतात तसे. कुणीतरी डबी उचलली आणि झाकण घासून बघितलं. डबी कोंबडीसारखी बोलली. दे की इकडे म्हणत दुसऱ्याने घेतली. ती रांगेत फिरत राहिली आणि गावकी एकामागून एक कोंबडीचे आवाज काढत बसली. मी विचारलं, मग गोमाचं काय? तात्या म्हणाले, त्याचं काय आता, ते काम मंडळाची पोरं करतात, त्यांनाही हौस आहे. बघू पुढच्या वर्षी. मग साउंडवाल्याचा विषय निघाला. मला पुन्हा उठून म्हणता आलं असतं की माझ्या वेळी वाळकी फांदी चालते आणि त्याच्या वेळी चालत नव्हती, हे कसं? मी म्हटलं नाही. माझी सुटका झाली होती. मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातकरवाडीत गेलो. गोमा झोपडीच्या सावलीत कुडाच्या भिंतीसाठी बांबूची कामटी तासत होता. मी जमिनीवरच बसलो आणि त्यालाही सगळं सांगितलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. कामटीवरून त्याची नजर हलली नाही. "तुमच्या करवतीचा येक दात वाकडा. फांदीवर रेघ उमटली व्हती. तवाच बघितली."

मग तेव्हा का बोलला नाहीस, मी विचारलं.

"तुमी बोलाल म्हून थांबलो."

मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. आत त्याची बायको चूल फुंकत होती, धूर कुडातून बाहेर येत होता. मग कोयता खाली ठेवून तो माझ्याकडे वळला.

"काल गावकीत सांगितलंत?"

मी हो म्हटलं.

"मंग? काय म्हनली गावकी?"

 ते हसले, हे याच्या तोंडावर कसं सांगायचं. मी म्हणालो, "रागावले. फार बोलले मला."

गोमाचा चेहरा उतरला. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी हात लावला नव्हता. "मनाला लावून घिऊ नका, भाऊ," तो म्हणाला. "पयल्या वर्सी लई लागतं. कुनी बोलत न्हाय, आपुन गेलं की मानसं गप व्हतात. मंग सवय व्हती." त्याने आत बघून बायकोला सांगितलं की भाऊंसाठी भाकरी टाक, आज यांना गावात जेवू वाटणार नाही. मग स्वतःची गोधडी झटकून त्याने सावलीतली जागा माझ्यासाठी मोकळी केली आणि आपण उन्हात सरकला.

खरं काय ते सांगायला अजून वेळ होता. मी त्या सावलीत जाऊन बसलो.